ऑप्शनला टाकलेलं पान

आधी कबुलीजबाब देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जीभ मोकळी होईल. मला हिंदी येत नव्हती. येत नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या न येणाऱ्या हिंदीपायी माझ्या शेजारणीचा जीव जायची वेळ आली.

ठाऊक असणार तरी कसं? लग्नाआधी मी हिंदीच्या एकूण एक परीक्षा दिल्या होत्या आणि शेवटचीला पहिल्या वर्गात आले होते. त्या प्रमाणपत्राला चौकट करून ते माझ्या रुखवतात मांडलं होतं, मण्यांचा पोपट आणि लोकरीची बदकं यांच्या मधोमध. वऱ्हाडातल्या बायका पोपटाला हात लावून बघत होत्या आणि मी प्रमाणपत्राशेजारी उभी राहून कोणी वाचतंय का ते बघत होते. कोणी वाचलं नाही. पण माझा ताठा उतरला नाही. तो घेऊनच मी चिंचवड स्टेशनच्या पलीकडच्या दहा खोल्यांच्या चाळीत संसार मांडला. आमचे हे जवळच्याच एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कोण किती वाजता आला, कोणाची रजा, कोणाचा ओव्हरटाइम, सगळं यांच्या खिडकीतून जायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी आमच्या शेजारची खोली रिकामी झाली. यांच्याच कारखान्यातल्या एका फिटरला ती हवी होती. कानपूरकडचा मुसलमान, नुकतं लग्न झालेलं. चाळमालक "बघू, बघू" करत महिनाभर बघतच राहिले. शेवटी यांनी शब्द टाकला तेव्हा त्यांनी किल्ली दिली आणि बजावलं, "पाहुणेरावळे नकोत, आवाज नको, भानगड नको. एक तक्रार आली की सामान बाहेर." आमच्या सामानाला असली अट कधी कोणी घातली नव्हती. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलंही नाही.

बायको एकोणीस-वीस वर्षांची. मराठीचा एक शब्द येत नाही. चाळीतल्या बायकांची हिंदी म्हणजे "हमको पानी भरनेका है, तुम्हारा घागर उधर सरकाव." साहजिकच चाळीचं हिंदी खातं माझ्याकडे आलं. नळावर ती काही म्हणाली की सगळ्या माझ्याकडे बघायच्या, मग मी पदर सारखा करून अर्थ सांगायचे. ती मला 'बहनजी' म्हणायची. ईदला तिनं शीरखुर्मा दिला. इतर घरी तो नेऊन द्यायची तिची छाती झाली नाही. मी तो सगळा खाल्ला आणि आपण केवढ्या मोठ्या मनाच्या, म्हणून आठवडाभर स्वतःचीच पाठ थोपटली. वाटी परत करताना आपल्या रिवाजाप्रमाणे तीत चमचाभर साखर घातली आणि तिला समजावलं की आमच्यात शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. तिला ते फार आवडलं. त्यानंतर माझ्या वाट्या तिच्याकडे आणि तिच्या माझ्याकडे, अशी ये-जा सुरू झाली.

मग तिला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, बिनबोभाट. माहेरचं कोणी येऊ शकलं नाही. महिना-दीड महिना बरा गेला, आणि नंतर ती हळूहळू विझायला लागली. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. नळावर तिची पाळी यायची आणि निघून जायची, ती यायचीच नाही. केस विंचरायची नाही. पोर रडायची आणि ही तिच्याकडे अशी बघायची, जसं रस्त्यावर कोणी अनोळखी भांडत असावं. मी डाळ नेऊन दिली की "शुक्रिया बहनजी" म्हणायची, आणि संध्याकाळी वाटी तशीच झाकलेली.

नळावर निदान झालंच. एक म्हणाली बाळंतवात. दुसरी म्हणाली, "बाहेरचं आहे. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून बसते, लागणारच." त्यांच्याकडची एक म्हातारी खडकीहून आली आणि दंडाला ताईत बांधून गेली. माझ्या सासूबाईंना मी पत्रात लिहिलं, तर त्यांनी पाकिटातून अंगारा आणि दोरा धाडला. दोन्हीकडचे उपाय सारखेच. दोरा तेवढा तिचा काळा आणि आमचा लाल. मी शिकलेली, त्यामुळे या सगळ्याला हसले. हसण्यापलीकडे काही केलं का, असं विचाराल तर नाही.

एके दिवशी तिचा नवरा पहिली पाळी करून आला तो थेट आमच्या दारात. हे घरातच होते. चार शब्द बोलायला त्यानं पाच मिनिटं घेतली.

"भाभी, मुझसे कुछ नहीं कहती. आप औरत हैं, आपकी हिंदी भी इतनी अच्छी है. ज़रा पूछिए न, क्या होता है उसको."

इतनी अच्छी! मी हुरळलेच.

यांनी त्याला सुचवलं, "येरवड्याला दाखव एकदा. चांगले डॉक्टर आहेत."

त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहब, वैसे ही हमें कमरा कोई नहीं देता. मालिक को मालूम पड़ा कि औरत को येरवडा ले गया, तो कल सामान सड़क पर."

पुण्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला 'येरवडा' म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, हे सांगावं लागत नाही. शाळेत पोरं एकमेकांना चिडवायची ते याच नावानं. आणि त्याच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. तरीही त्यानं तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला होता. "भाभी, आप पूछ लीजिए. अगर तकलीफ़ ज़्यादा है तो मैं ले जाऊँगा, फिर कमरा जाए तो जाए."

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं. तिनं मला काय सांगितलं आणि मी त्याला काय सांगते, यावर तो तिला नेणार की नाही नेणार, हे ठरणार होतं. एवढी मोठी परीक्षा मी कधी दिली नव्हती, आणि या खेपेला अभ्यास करावा असंसुद्धा मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसले, घसा साफ केला आणि विचारलं, "आपको क्या कष्ट है? निःसंकोच कहिए."

ती किंचित हसली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. आता कळतं, ती माझ्या हिंदीला हसली असणार. रेडिओवरच्या बातम्या अचानक शेजारी येऊन बसल्या तर कोणीही हसेल. मग तिनं मांडीवरच्या पोरीच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली,

"कुछ नहीं, बहनजी. बस, अब जी भर गया."

माझ्या डोक्यात परीक्षेच्या गाइडचं पान लखकन उघडलं. 'जी भरकर: मनसोक्त, पोटभर, तृप्त होईपर्यंत.' वाक्यात उपयोग: 'बच्चों ने जी भरकर आम खाए.' या वाक्याला मला पूर्ण गुण होते. आपल्याकडेही मन भरलं म्हणजे तृप्तच की! पोरीकडे बघून आईचं मन भरून आलंय, समाधान झालंय. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या गालावर हात ठेवला आणि म्हटलं, "बहुत अच्छा! बहुत ही अच्छा!"

ती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मी पुढे आयुष्यभर विसरू शकले नाही. एका माणसानं आपलं दार कसंबसं ढकलून उघडावं आणि समोरच्यानं "वा, दार छान आहे" म्हणून टाळ्या वाजवाव्यात, तसं ते बघणं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला निकाल सांगितला. तिचेच शब्द जसेच्या तसे सांगितले असते तरी तो समजला असता. पण तिचे साधे शब्द सांगण्यात माझी हुशारी कुठे दिसणार होती? मी म्हटलं, "चिंता का कोई कारण नहीं. वे पूर्णतः संतुष्ट हैं."

"सच, भाभी?"

"पूर्णतः."

त्याच्या खांद्यावरून पोतं उतरल्यासारखा तो वाकून नमस्कार करून गेला. सकाळी कामावर जाताना यांच्या खिडकीशी थांबून त्यानं रजेचा अर्ज परत घेतला आणि पहिल्या पाळीला कार्ड पंच केलं.

त्याच सकाळी नऊच्या सुमाराला ती माझ्या दारात आली. केस विंचरून घट्ट वेणी, धुतलेली ओढणी, कडेवर न्हाऊ-माखू घातलेली पोर. दुसऱ्या हातात माझ्या तीन वाट्या, एकात एक. "ज़रा इसको रख लीजिए, बहनजी." मी पोर घेतली. वाट्या बघितल्या तर तिन्हींत साखर, काठोकाठ. रेशनवरची साखर तेव्हा पुरवून पुरवून वापरायची. चमचाभर घालायची रीत, आणि हिनं घरातली होती नव्हती तेवढी साखर रिकामी केली होती.

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अरे वा! आमची रीत शिकलात तुम्ही!" हे मराठीतच म्हटलं. आनंदात मला हिंदी सुचत नसे. ती गेली. मी साखर डब्यात ओतली आणि पोरीला घेऊन चाळभर मिरवलं. "बघा, म्हटलं नव्हतं? काही बाधाबिधा नाही. वेणी घातलीय आज!"

अकरापर्यंत पोर झोपली. बाराला उठून रडायला लागली, थांबेना. मी तिच्या खोलीशी गेले. कडी नुसती लावलेली. आत केर काढलेला, अंथरुणाची घडी, नवऱ्याच्या दोन शर्टांना इस्त्री. तांदूळ निवडून ताटात पसरलेले. आणि खिडकीत, आरशासमोर, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या.

तरीसुद्धा मी स्वतःला सांगितलं, बाजारात गेली असेल. साबण लावून बांगड्या काढल्या असतील. मूर्खपणाला खोली असते. मी तळाशी जाऊन बसले होते आणि तिथेही मला हवा खेळती वाटत होती.

साडेतीनला पहिली पाळी सुटल्यावर तिचा नवरा आला. हातात केळ्यांचा घड. मला पोरीसकट ओट्यावर बघून त्याचा चेहरा बदलला.

"वो कहाँ है?"

"सकाळी गेली. पण काळजी करू नका, काल तर म्हणाली..." आणि घाबरल्यामुळे पहिल्यांदाच माझ्या तोंडून तिचे शब्द तिच्याच शब्दांत निघाले, "बस, अब जी भर गया."

तो खाली बसला. आमच्या उंबऱ्यावरच. केळी पायरीवरून गटारापर्यंत गेली.

"यही कहा था उसने? यही?"

"हो. यही."

"और आपने मुझसे कहा, संतुष्ट."

आमचे हे तेवढ्यात आले आणि तिघं, म्हणजे ते दोघं आणि पोर छातीशी धरलेली मी, शोधायला निघालो. नवरा स्टेशनकडे गेला. गाडीखाली कोणी आलं का, असं विचारायला जिभेला किती जोर लागतो, ते त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. मी पवनेच्या घाटावर. धुणं धुणाऱ्या बायकांना विचारत सुटले, "सलवार-कमीज घातलेली, गोरी, बारीक, लांब वेणी." त्यातली एक म्हणाली, "काय नाव तिचं?" माझी जीभच वळेना. वर्षाहून जास्त शेजारी राहून मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. चाळीत सगळ्यांची ती 'हिंदी भाभी' होती, आणि माझीही.

घाटाच्या पायऱ्यांवर पोर भुकेनं माझ्या पदराला झोंबत होती. तिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मला मूल झालेलं नव्हतं. मी बोट साखरेत बुडवून... नाही, साखर घरी होती, डब्यात, तिचीच. नुसतंच बोट दिलं. पाण्याकडे बघत मी देवाला म्हटलं, माझं प्रमाणपत्र घे, माझी जीभ घे. देव माझी जीभ घेऊन काय करणार होता कोण जाणे.

पाचला चाळीत परतलो तर आमचा दूधवाला सायकल आडवी टाकून उभा. इंद्रायणीकाठच्या निघोज्याचा शेतकरी गडी, रोज दोन वेळा एवढं अंतर सायकल मारत यायचा. दूध पातळ लागलं की मी त्याला विचारायचे, "पाणी कुठलं घालतोस रे?" आणि तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "वहिनी, घातलंच तर इंद्रायनीचं घालीन. असलं निर्मळ पानी तुमच्या हिकडं न्हाई." नळावर सगळ्या हसायच्या. तीही हसायची, न समजता. असं मला वाटायचं.

"वहिनी, ती हिंदी भाभी हाय की आमच्याकडं," तो धापा टाकत म्हणाला. "दुपारी घरी चाललो हुतो तवा नदीच्या कडंला उभी. मी हाक मारली तर वळून बघंना. हात धरून घरी आनली. आईजवळ बसवलीया. न्हाई, काय झालं न्हाई. जित्ती हाय."

तिच्या नवऱ्यानं त्या माणसाच्या सायकलचं हँडल धरलं आणि त्यावर डोकं टेकलं.

यांनी कुठून तरी टेम्पो आणला. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलत होता. दूधवाल्याची म्हातारी चुलीपुढे बसली होती, आणि तिच्या पुढ्यात ती. म्हातारी तिच्या केसांना तेल चोळत होती आणि अखंड बोलत होती. म्हैस कशी लाथ मारते, सून कशी माहेरी जाऊन बसली, वांग्याला कीड कशी पडली. सगळं मराठीत. ती डोळे मिटून अश्रू गाळत होती, आणि मधूनच आपल्या भाषेत काहीतरी म्हणत होती, त्यावर म्हातारी "व्हय गं माजी बाय, व्हय" म्हणत होती. बाजूला टवका उडालेला वेगळा कप होता, परजातीच्या माणसाला चहा द्यायला ठेवलेला. म्हातारीचा विटाळ कपापुरता होता. हात तेलानं माखून त्या पोरीच्या केसांत होते.

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला हिंदी येते?"

"न्हाई बा."

"मग हिला काय झालंय ते कसं कळलं?"

"आता गं! पोरीच्या डोळ्यांत काय ऱ्हायलं न्हाई. त्ये बघाया भाषा लागती व्हय?" मग तिनं माझ्या कडेवरची पोर बघितली. "ही तिची? कुनापाशी ठिवली हुती?"

"माझ्यापाशी."

"मंग तू इच्यारलं न्हाईस, कुटं चाललीस म्हनून?"

म्हातारीनं पोर माझ्या कडेवरून घेतली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

पवना एवढी जवळ असताना ती तीन-चार तास चालत तिकडे का गेली, ते तिनं मला फार दिवसांनी सांगितलं. पवनेवर चाळीतल्या बायका धुणं धुतात. कोणी बघितलं असतं तर खोली गेली असती. आणि दूधवाला म्हणायचा, तिकडचं पाणी साफ आहे. म्हणजे तिला माझे विनोद समजत होते. मला तिचं रडणं समजलं नव्हतं.

घरी आल्यावर मी गाइड काढलं. 'जी भरकर'च्या मागच्या पानावर होतं: 'जी भर जाना: कंटाळा येणे, वीट येणे, इच्छा न उरणे.' समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'ऑप्शनला.' त्या वर्षी तेवढ्या वाक्प्रचारांवर प्रश्न येणार नाही, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. खरंच आला नव्हता.

मग येरवडा सुरू झालं. दर दुसऱ्या मंगळवारी. नवऱ्याला सारखी रजा मिळेना, म्हणून तिच्याबरोबर मी जायचे, पोरीला घेऊन, दोन बस बदलून. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" ती बोलली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती म्हणते, जी भर गया."

"म्हणजे नेमकं काय?"

"मला माहीत नाही. तुम्ही तिलाच विचारा, ती सांगेपर्यंत थांबा." पहिल्या वर्गात आलेल्या बाईच्या तोंडून 'मला माहीत नाही' पहिल्यांदा निघालं. डॉक्टर भले होते, थांबले. अर्धा तास तिचे तेच शब्द तीच उलगडत होती आणि मी पोरीला खुळखुळा वाजवत गप्प बसले होते. बाहेरच्या बाकावर साताऱ्याकडचे, नगरकडचे, मद्रासकडचे, सगळे एकमेकांची नजर चुकवून बसलेले. प्रत्येकानं घरी काहीतरी वेगळंच सांगितलेलं. पुण्याला लग्नाला चाललो. दाताला दाखवायचंय.

आम्ही सांगितलं होतं, अशक्तपणाची इंजेक्शनं. ते तीन महिने टिकलं. मग चाळीतल्या एकीच्या भावानं आम्हाला येरवड्याच्या स्टॉपवर उतरताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी नळावर गेले तर घागरी गप्प. चाळमालक खुर्ची टाकून ओट्यावर बसलेले. "काय हो वहिनी, येरवड्याला कोण जातं? ती शेजारीण का? मी आधीच बजावलं होतं, भानगड नको म्हणून."

तिच्या दाराची फट दिसत होती. फटीत तिचा एक डोळा. गोळ्यांनी नुकती कुठे ती पोरीला पाजायला बसायला लागली होती. सामान बाहेर पडलं असतं तर ती पुन्हा त्या नदीवर गेली असती, याबद्दल मला आज जेवढी शंका नाही तेवढीच तेव्हाही नव्हती. आणि माझ्यातला जुना आगाऊपणा, ज्यानं एवढा घोळ घातला होता, तो एकदाचा कामाला आला.

"मी जाते," मी म्हटलं. "मला दाखवायला. ती बिचारी सोबतीला येते."

"तुम्ही?"

"का? माझ्यात काय कमी आहे?"

एक घागर हातातून सुटून ठणकन पडली. चाळमालकांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. टाइम ऑफिसच्या कारकुनाच्या बायकोला ते काय बोलणार? माझं सामान काही बाहेर आलं नाही. मी त्या दिवसापासून चाळीत अधिकृत वेडी झाले आणि माझी खोली माझीच राहिली. तिला ते नुसतं नाव लागलं असतं तरी तिची गेली असती. हा फरक मला कुठल्या परीक्षेत शिकवला नव्हता.

घरी यांना सांगितलं. हे पंख्याकडे बघत म्हणाले, "तशी मला शंका होतीच." पण सासूबाईंना हे हसण्यावारी नेता आलं नाही. त्या येऊन महिनाभर राहिल्या, रोज माझी दृष्ट काढली आणि माझ्या हातचं कोणाला खाऊ दिलं नाही. माझ्याकडे हिंदी शिकायला येणारी चार पोरंही बंद झाली, आणि त्यांच्या हिंदीचं भलं झालं.

सहा महिन्यांनी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, माझी कडी हळूच वाजायची. घागर पाडणारीच पहिली आली. "वहिनी, तुम्ही जाता ना तिकडे... गोळ्या कसल्या देतात? झोप येते? माझ्या बहिणीसाठी विचारते हो." तिला बहीण नव्हती. मग मालकांची सून आली. ती "करमत नाही" म्हणाली आणि पुढे तासभर काहीच बोलली नाही. मग मशिदीपलीकडच्या दोघीतिघी, माझ्या शेजारणीमार्फत, बुरख्यातून. कोण म्हणे "घबराहट", कोण म्हणे "छातीवर बसल्यासारखं", शेजारच्या गल्लीतली कोल्लमकडची नर्स मल्याळममध्ये काय म्हणाली ते मला अजून उच्चारता येत नाही. मी गाइडच्या कोऱ्या समासांत ज्याचे त्याचे शब्द लिहून घ्यायचे, अर्थ न लावता, आणि मंगळवारी डॉक्टरांपुढे पुस्तक तसंच ठेवायचे. कोणी यायचं, कोणी अर्ध्या वाटेतून परत जायचं. एकीला नेता नेता उशीर झाला. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही.

आणि ती? पूर्ण बरी झाली असं लिहिलं तर गोड वाटेल, पण खोटं होईल. दोनदा पुन्हा तसंच झालं. एकदा गावाकडच्या कोणीतरी गोळ्या बंद करायला लावल्या तेव्हा, एकदा काहीच कारण नसताना. दर खेपेला मी तिच्या दाराशी बसून राहिले आणि विचारत राहिले, आणि दर खेपेला मला वाटलं की या वेळी नाही, या वेळी ती हातातून जाणार. ती मराठी शिकली, मला ताई म्हणायला लागली, आकुर्डीला त्यांनी स्वतःच्या दोन खोल्या केल्या. पण आजही माझ्या दारात कोणी भांडं परत आणून दिलं की मी आधी आत साखर किती आहे ते बघते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पोर शाळेत जायला लागून बरीच वर्षं झालेली. एका दुपारी ती एकटी आमच्याकडे जेवायला आली. भरीत-भाकरी केली होती. मी तिसऱ्यांदा वाढायला गेले, तिनं ताटावर हात आडवा धरला आणि सहज म्हणाली, "बस, जी भर गया."

माझ्या हातातली वाटी कलंडली. वाटीतलं भरीत ताटावर, तिच्या हातावर, कुठेही सांडत राहिलं. तिनं ते बघितलं, माझ्या हातातून वाटी काढून घेतली, आणि मला धरून खाली बसवून म्हणाली,

"घाबरू नका ताई, हे तुमच्या पुस्तकातलं आहे. माझ्यावालं असेल ना, त्या दिवशी मी वाट्या परत करायला येईन. तेव्हा तुम्ही फक्त विचारा, कुठे चाललीस."